पोटाच्या व्यायामासाठी घरी काय घ्यावं: मॅट, बँड, चाक आणि बाकीचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की वय चाळिशीच्या आसपास, दिवसभर खुर्चीत बसून काम, पोट सुटलंय, कंबर अधूनमधून धरते, घरात एक मॅट पसरेल एवढीच जागा आहे आणि खर्च फार करायचा नाहीये, तर ॲब रोलर म्हणजे ते दोन बाजूंना मुठी असलेलं चाक घ्यावं, बसून पुढेमागे झुलायचं मशीन घ्यावं की सिट-अपचा, म्हणजे पाठीवर पडून उठून बसायचा, बेंच घ्यावा. मी गेली अठरा वर्षं व्यायाम शिकवतोय, त्यातली निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी जाऊन, त्यामुळे कुठली वस्तू घरात रोज वापरली जाते आणि कुठली महिन्याभरात पलंगाखाली जाते हे बरंच बघून झालंय. उत्तर आधीच सांगून टाकतो. आत्ता फक्त एक बरी मॅट आणि एक लांब रेझिस्टन्स बँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा, घ्या, चाक दोनेक महिन्यांनी घ्या, झुलायचं मशीन आणि बेंच दोन्ही घेऊ नका. आता का ते नीट सांगतो, कारण ते एकदा कळलं की पुढे कुठलीही नवीन वस्तू समोर आली तरी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी पोट कमी होण्याचं बोलू. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटावरचीच चरबी जाते असं होत नाही. चरबी कुठली आधी निघणार हे शरीर ठरवतं, तुम्ही कुठला स्नायू दमवला त्याच्याशी त्याचा संबंध नसतो. १९७१ साली टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात मोजले होते, खेळायच्या हाताचा स्नायू दुसऱ्यापेक्षा मोठा होता पण कातडीखालचा चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. २०११ मध्ये २४ जणांवर थेट पोटाचाच प्रयोग झाला, काहींना सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम दिले आणि बाकीच्यांना काहीच दिलं नाही, तर पोटावरच्या चरबीत फरक पडला नाही, पण व्यायाम करणाऱ्यांची पोटाची टिकून काम करायची ताकद मात्र स्पष्ट वाढली. म्हणजे मेहनत वाया गेली नाही, ती ताकदीत जमा झाली. घेर कमी करायचा असेल तर रोजचं चालणं, पाय-पाठ-छातीचे मोठे व्यायाम, खाण्याचं माप आणि झोप यांनीच होईल, पोटाचं कुठलंही साहित्य ते करणार नाही. पण तुमची कंबर धरते म्हणता ना, तिच्यासाठी पोटाची ताकद फार कामाची आहे, आणि माझ्या मते तुम्ही साहित्य घ्यायचं खरं कारण हेच धरा.

पोट म्हणजे एक स्नायू नाही. समोर बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारा उभा स्नायू, ज्याचे ‘पॅक’ दिसतात तो, बाजूला तिरक्या धाग्यांचे दोन थर, आणि सगळ्यात आत आडवा, पट्ट्यासारखा गुंडाळलेला थर. आता दिवसभरात हे स्नायू काय करतात ते बघा. जड पिशवी एका हातात घेतली तर तुम्ही त्या बाजूला कलंडत नाही, दार ओढताना अंग पिळवटत नाही, वर फळीवरचं काही काढताना कंबर मागे मोडत नाही. बहुतेक वेळ ते कण्याला *हलू न देण्याचं* काम करतात. आणि घरचं बहुतेक साहित्य, विशेषतः जाहिरातीतलं, फक्त एकच काम करतं, पुढे वाकवणं. दिवसभर खुर्चीत पुढे वाकून बसलेल्या माणसाला संध्याकाळी अजून शंभर वेळा पुढे वाकवायचं, हे मला तरी पटत नाही.

म्हणून कुठलीही वस्तू बघितली की मी तीन गोष्टी विचारतो. जमिनीवर जे होत नाही असं ही काय करून देते? मी ताकदवान झालो की हिच्यावर अवघडपणा वाढवता येतो का? आणि दमून हात सुटला तर माझं काय होतं? चौथा प्रश्न मी नंतर अनुभवातून जोडला, ही ठेवणार कुठे? जी वस्तू जोडायला, उघडायला, फर्निचर सरकवायला पाच मिनिटं लागतात ती वापरली जात नाही, मग ती कितीही चांगली असो. दाराच्या खुंटीला अडकवलेला बँड वापरला जातो, माळ्यावरचा बेंच वापरला जात नाही.

झुलायचं मशीन पहिल्याच प्रश्नात पडतं. २००१ साली अमेरिकेतल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत एक तुलना करून घेतली, ३० जण, १३ व्यायाम, पोटावर इलेक्ट्रोड लावून स्नायू किती काम करतो ते मोजलं. समोरच्या स्नायूसाठी पहिला नंबर आला जमिनीवर पडून करायच्या सायकल क्रंचचा (क्रंच म्हणजे पाठीवर पडून फक्त डोकं-खांदे उचलणं, यात पाय सायकलसारखे चालवत), म्हणजे शून्य साहित्य. दुसरा कोपरं टेकवून अंग अधांतरी ठेवत गुडघे वर घ्यायचा, तिसरा हवा भरलेल्या मोठ्या बॉलवरचा क्रंच. आणि बसून झुलायचं मशीन शेवटून पहिलं, साध्या क्रंचच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं काम. इलेक्ट्रोडवर जास्त आकडा आला म्हणजे तोच व्यायाम सगळ्यांना चांगला असं मी म्हणणार नाही, तुमच्या कंबरेला सायकल क्रंच आज मी देणारही नाही, पण एखादी मोठी वस्तू साध्या जमिनीपेक्षा इतकी मागे असेल तर ती घरात आणायची कशाला.

बेंचचं कारण वेगळं आहे. पाय बेंचच्या फोमच्या रोलरखाली अडकवले की उठायचं काम मांडी वर उचलणारे स्नायू ओढून घेतात, आणि ते आतून कंबरेच्या मणक्यांनाच जोडलेले असतात, म्हणून बेंचवर सिट-अप मारणारे खूप जण सांगतात की पोटाआधी कंबर भरून येते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावरचा दाब मोजण्यात आयुष्य घातलंय, त्यांच्या मोजमापात एका सिट-अपला कंबरेच्या मणक्यावर साधारण ३,३०० न्यूटन दाब येतो, आणि अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ओझं उचलण्याच्या कामासाठी ३,४०० न्यूटन ही मर्यादा धरते. निरोगी तरुण माणूस हे सोसतोही, पण धरणाऱ्या कंबरेनं पन्नास-पन्नास वेळा ते कशाला करायचं?

आता मॅट. लोक जितकी जाड तितकी चांगली समजून १५ मिलिमीटरची मऊ मॅट घेतात, पाठीवर पडायला ती छान वाटते, पण प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं, करताना कोपर रुतते, एका कुशीवर साइड प्लँक करताना डुगडुगायला होतं. तुम्हाला ६ ते ८ मिलिमीटरची, जरा घट्ट मॅट बघा. दुकानात अंगठ्यानं जोरात दाबून बघा, खालची जमीन लगेच लागली तर ती फार मऊ आहे. लांबी तुमच्या उंचीपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर डोकं तरी बाहेर नाहीतर टाचा तरी. आणि गुळगुळीत फरशीवर सरकते का तेही बघायचं. बाकी रंग, छाप, पिशवी याला काही अर्थ नाही. मॅट घ्यायचीच नसेल तर जाड चादरीची घडी चालते, फक्त ती सरकणार नाही अशी घाला.

पहिले सहा ते आठ आठवडे मुख्य काम या मॅटवरच करा. मॅकगिल यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत आणि मी कंबरवाल्या प्रत्येकाला तिथूनच सुरू करतो. एक कर्ल-अप, पाठीवर पडून एक गुडघा वाकवलेला, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली, आणि फक्त डोकं-खांदे इंचभर उचलून ८-१० सेकंद धरायचं, मान छातीकडे खेचायची नाही. दुसरा साइड प्लँक, कुशीवर होऊन एका कोपरावर अंग ताठ उचलून धरायचं, आधी गुडघ्यांवरून. तिसरा बर्ड डॉग, रांगल्यासारखं होऊन समोरचा उजवा हात आणि मागचा डावा पाय लांब करायचा, मग उलट. याच्या जोडीला मी डेड बग देतो, पाठीवर पडून हात छताकडे, गुडघे काटकोनात वर, आणि विरुद्ध हात-पाय हळूहळू जमिनीकडे न्यायचे. यात कंबर जमिनीवरून सुटता कामा नये. कंबरेखाली एक पातळ टॉवेल सरकवा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा हळूच ओढायला, टॉवेल निसटला की समजायचं पोटानं काम सोडलं. हा टॉवेल माझ्या लेखी कुठल्याही मशीनपेक्षा चांगला शिक्षक आहे, खरंच सांगतो, मोठमोठे दंड असलेली माणसंसुद्धा यात पहिल्या दिवशी हरतात.

बँडवर मी जरा जास्त लिहितो कारण एका वस्तूत सर्वात जास्त काम कशानं होत असेल तर यानं. दुकानात तीन प्रकार दिसतील. मांडीभोवती घालायचे छोटे गोल बँड, ते पोटासाठी जवळपास निरुपयोगी. हँडल असलेली रबरी नळी, ही चालते. आणि मोठा गोल पट्टा, न ताणता साधारण १०४ सेंटिमीटर लांब, हा मला सगळ्यात आवडतो कारण त्यात हुक, जोड काही नसतं आणि जे तुटतं ते बहुतेक जोडापाशीच तुटतं. रुंदीवर ताकद ठरते, तुम्ही बारीक घ्या, साधारण १३ ते २२ मिलिमीटरमधला. जाड बँड घेऊन हात थरथरवण्यात काही मिळत नाही.

त्याच्याबरोबर दारात अडकवायचा एक अँकर मिळतो, पट्टीला एका टोकाला फोमचा गोळा, गोळा दाराच्या पलीकडे राहतो आणि पट्टी फटीतून इकडे येते. इथे एक गोष्ट कृपया काळजीनं करा. तुम्ही अशा बाजूला उभे राहा की दार तुमच्यापासून *लांब* उघडतं, म्हणजे तुम्ही ओढलं की ते अजून घट्ट बंद होईल. अँकर बिजागरीच्या बाजूला घाला, कडी लावा, आणि घरात सांगून ठेवा की आत्ता दार कुणी उघडू नका. मग पहिला व्यायाम पॅलॉफ प्रेस. अँकर छातीच्या उंचीवर, दाराकडे खांदा करून आडवं उभं राहायचं, बँड दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, दोन पावलं लांब जायचं आणि हात सरळ समोर ढकलून तीन सेकंद थांबायचं. बँड तुम्हाला दाराकडे पिळायला बघतो, तुम्ही पिळले जात नाही, एवढंच. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस नुसता उभा आहे, पण दहा वेळा केलं की बाजूचे तिरके स्नायू जागे झालेले कळतात आणि कंबर एक अंशही वाकलेली नसते. अवघड करायचं तर अर्धं पाऊल अजून लांब जा, नाहीतर एक गुडघा टेकून करा, नाहीतर हात समोर नेऊन मग डोक्यावर उचला. तोच बँड डोक्यामागे खाली अडकवून, मॅटवर पडून दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि फक्त पाय खाली-वर करत डेड बग करायचा, हा अजून एक फार सुंदर व्यायाम आहे.

बँडची निगा हा कंटाळवाणा विषय आहे पण सोडू नका. रबर उन्हानं, तेलकट हातांनी आणि वर्षांनी वाळतं, बारीक भेगा पडतात. माझ्या एका शिष्याच्या गालावर बँड तुटून असा वळ उठला की दोन बोटं वर लागला असता तर डोळा गेला असता, आणि तो बँड तीन महिने खिडकीत उन्हात टांगलेला होता, मीच तो बघून हातात दिला होता, ओढून बघितला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक वेळी वापरायच्या आधी पूर्ण लांबी बोटांतून फिरवून बघतो. मूळ लांबीच्या दुप्पट-अडीचपटीपलीकडे ताणू नका आणि चेहऱ्याच्या सरळ रेषेत ओढू नका. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर कापडी किंवा लॅटेक्स नसलेला बघा.

आता ज्याबद्दल तुम्ही मुख्य विचारलंत ते चाक. वस्तू म्हणून मला ते मनापासून आवडतं, छोटं, स्वस्त, मोडण्यासारखं काही नाही आणि अवघडपणाला वरची मर्यादा जवळपास नाहीच. पण ते नवशिक्याचं साहित्य नाही आणि दुर्दैवानं नवशिकेच ते आधी घेतात. सुरुवातीच्या काळात मी ते सगळ्यांना सरसकट द्यायचो. एक जण, तुमच्यासारखाच बैठ्या कामाचा, पहिल्याच आठवड्यात जोशात पूर्ण लांब गेला, मध्येच पोटाची पकड सुटली आणि कंबर खाली खचली, दहा दिवस त्याला बूट घालायला वाकता येत नव्हतं. त्याची चूक नव्हती, मी पायऱ्या दिल्या नव्हत्या. चाक पुढे जातं तेव्हा अंगाचं वजन कंबरेला खाली खेचतं, आणि हात जितके लांब तितकं ते ओढणं वाढत जातं. पोटानं धरलं तर व्यायाम, नाही धरलं तर सगळा भार मणक्यांवर.

म्हणून माझी अट अशी असते की ३० सेकंदांचा प्लँक तीनदा नीट व्हायला हवा, साइड प्लँक दोन्ही बाजूंना २० सेकंद, आणि टॉवेलवाला डेड बग दर बाजूला आठ वेळा. हे झालं की चाक आणा. घेताना दोन चाकं शेजारी-शेजारी असलेलं साधं घ्या, एकच बारीक चाक असलेलं आडवं डोलतं, फार रुंद चाक सरळच जातं, तेही चालेल. मधला दांडा लोखंडी आणि एकसंध हवा, दोन्ही मुठी पकडून पिळून बघा, मूठ दांड्यावरून फिरली किंवा बाहेर सरकली तर ते घेऊ नका कारण निसटली की तोंडावरच पडाल. आत स्प्रिंग असलेली, परत ओढून आणणारी चाकं मिळतात, ती परतीचं काम हलकं करतात, मला त्यांची गरज वाटत नाही कारण तेच काम पायऱ्या देऊन फुकटात होतं.

त्या पायऱ्या म्हणजे भिंत. गुडघे मॅटच्या दुहेरी घडीवर, तोंड भिंतीकडे, आणि अंतर असं ठेवा की चाक थोडंसं पुढे गेलं की भिंतीला टेकेल. भिंत तुम्हाला पुढे जाऊच देत नाही. सुरुवातीला माकडहाड आत वळवा, बरगड्या खाली, पाठ हलकीशी गोल, आणि हे तसंच ठेवून पुढे जायचं, जाताना तोंडानं हळू श्वास सोडत राहायचं, कोंडायचा नाही. नितंब मागे ठेवून नुसते हात पुढे करू नका, नितंब आणि छाती बरोबर जायला हवेत. सहा ते आठ वेळा, तीन सेट, आठवड्यातून दोनदा पुरे. सगळे सेट सहज झाले की गुडघे एक वीतभर मागे घ्या. अशा वीतभर-वीतभर पायऱ्यांनी माझे बरेच लोक तीन-चार महिन्यांत भिंतीशिवाय पूर्ण लांब जायला लागले. कंबरेत जाणवायला लागलं की तिथेच थांबायचं, त्या दिवशी पुढे नाही. उभ्यानं चाक मारण्याचे व्हिडिओ दिसतील, ते जमलं नाही म्हणून काही अडत नाही.

चाक घ्यायच्या आधी तशीच चव बघायची असेल तर गुळगुळीत फरशीवर पायाखाली कापड ठेवा. कोपरांवर प्लँक, पायाखाली कापड, आणि कोपरांपासून अंग थोडंसं मागे ढकलून परत पुढे आणायचं, करवत चालवल्यासारखं. हे चाकाचं सख्खं भावंड आहे. गालिचा असेल तर कापडाऐवजी प्लास्टिकचं गुळगुळीत झाकण. यासाठी बाजारात स्लायडर मिळतात, चांगले असतात, पण कापडानं होतंय तर थांबा.

अजून एक गोष्ट जी कुणी पोटाचं साहित्य म्हणून बघतच नाही ती म्हणजे एक जड वस्तू आणि मूठ. एक डंबेल, केटलबेल (मूठ असलेला लोखंडी गोळा) किंवा मुठीचा पाण्याचा कॅन. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि पाणी कमी-जास्त करता येतं. तो एकाच हातात धरून घरातल्या घरात सरळ चालायचं, खांदे समतोल, दुसऱ्या बाजूला कलायचं नाही, मिनिटभर चाला आणि हात बदला. कंबर धरणाऱ्यांना हा मी चौथ्या-पाचव्या आठवड्यातच देतो, जिन्यावर पिशवी घेऊन चढताना फरक कळतो. फक्त खाली ठेवताना आणि उचलताना गुडघ्यात वाका.

मोठा बॉल चांगला आहे, इटलीत १९६३ च्या सुमारास ॲक्विलिनो कोसानी यांनी बनवलेला तो, पण एक खुर्ची मावेल एवढी जागा खातो आणि तुमच्याकडे तीच नाहीये. पुढेमागे घेतलाच तर त्यावर बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर याव्यात असा, मध्यम उंचीला साधारण ६५ सेंटिमीटर, बुटक्यांना ५५, उंचांना ७५, आणि अँटी-बर्स्ट लिहिलेला, म्हणजे भोक पडलं तर फुग्यासारखा फाटकन फुटत नाही, हळू बसतो. त्यावर कोपरं ठेवून प्लँक धरायचा आणि कोपरांनी भांडं ढवळल्यासारखे छोटे गोल काढायचे, एवढ्या एका व्यायामासाठीसुद्धा तो घेण्यासारखा आहे.

दारातला पुल-अप बार थोडक्यात सांगतो. लटकून गुडघे वर घेणं भारी व्यायाम आहे, पण घरी व्यायाम करणाऱ्यांची आधी पकड सुटते, पोट दमायच्या कितीतरी आधी. नुसता पिळून चौकटीच्या दोन बाजूंमध्ये दाबून बसवायचा बार मी सुचवत नाही, स्क्रूनं पक्क्या केलेल्या कपांत बसणारा घ्या, आणि चौकट लाकडाची, भक्कम असेल तरच. वर लिहिलेली वजनाची मर्यादा स्थिर माणसाची असते, झोके घेणाऱ्याची नाही. गुडघे वर आणताना नुसती मांडी उचलली तर पोटाला फार काही मिळत नाही, शेवटी कंबर खालून वर गुंडाळायला हवी.

घाम आणणारे पट्टे कमरेला बांधून जे वजन उतरतं ते पाणी असतं, प्यायलात की परत. वीजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यांनी स्नायू आखडतो हे खरं, पण चरबी वितळत नाही, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असे पट्टे विकणाऱ्या तीन ब्रँडांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. उभं राहून कंबर फिरवायची गोल तबकडीही तुम्ही घेऊ नका, दुखऱ्या कंबरेला वेगानं पिळणं नकोच.

काही जणांनी मात्र साहित्याच्या आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवावं. पायात कळ किंवा मुंग्या जात असतील, हर्निया असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, रक्तदाब ताब्यात नसेल, किंवा बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध फट राहिली असेल. ती फट घरी अशी कळते की पाठीवर पडून डोकं उचललं की नाभीच्या रेषेत डोंगरासारखा उंचवटा येतो. असं दिसलं तर क्रंच, प्लँक, चाक सगळं थांबवा आणि आधी दाखवा. आणि एक साधी गोष्ट सगळ्यांसाठी, सकाळी उठल्या उठल्या पहिला तासभर पुढे वाकायचे व्यायाम टाळा, रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. त्या वेळेत चाला.

तुमच्यासाठी म्हणून आठवड्याचं असं धरा. एक दिवसाआड १५ मिनिटं, आधी मॅटवरचे तीन आणि डेड बग, तिसऱ्या आठवड्यापासून पॅलॉफ प्रेस दर बाजूला दहा वेळा दोन सेट, पाचव्यापासून कॅन घेऊन चालणं. आकडे एका वहीत लिहून ठेवा, किती सेकंद, किती वेळा, बँडपासून किती पावलं लांब. आठव्या आठवड्यात वर दिलेली अट तपासा आणि जमली तर चाक आणा, नाही जमली तर अजून तीन-चार आठवडे, घाई नाही.

जुनं कुणाचं वापरलेलं घेऊ का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. चाक घ्या बिनधास्त, मुठी पिळून बघून. डंबेल, केटलबेल घ्या, लोखंडाला काही होत नाही. बॉल नको, तो किती वर्षं कुठे पडून होता ते कळत नाही. मॅट धुऊन घेता येत असेल तर ठीक. बँड मात्र नवाच घ्या आणि घेतल्याची तारीख त्यावर पेननं लिहून ठेवा.